टायटॅनियमची सायकल आणि हाताची किंमत



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेच्या माणसाने पगारवाढीवर बोलावे, कंत्राटी पद्धतीवर बोलावे. श्रीमंतांच्या सायकलीशी त्याला काय कर्तव्य? कारण सांगतो. माझी हयात मजुरीचे करार करण्यात गेली. शाळा लवकर सुटली. जे काही शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. अशा माणसाला एक खोड जडते. कोणत्याही वस्तूची किंमत कानावर आली की तो तिच्यात तास शोधू लागतो. यात माणसाचे तास किती, ते कोणाचे, आणि त्या तासाला काय मिळाले? बाजारातल्या बहुतेक वस्तूंच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण वस्तू दहा हातांतून आणि चार देशांतून फिरून आलेली असते. हाताने जोडलेली टायटॅनियमची फ्रेम त्या मानाने उघडी वस्तू आहे. तिचा हिशेब मांडता येतो. म्हणून हा विषय घेतला.

प्रथम किंमत ऐका. अमेरिकेतल्या नामांकित कारखान्यांत शर्यतीच्या धर्तीच्या सायकलीची हाताने जोडलेली टायटॅनियमची फ्रेम साधारण तीन हजारांपासून सहा हजार डॉलरपर्यंत पडते. म्हणजे आजच्या हिशेबाने ढोबळमानाने अडीच ते पाच लाख रुपये. इटलीतल्या काही कारागिरांच्या फ्रेमा याहून महाग आहेत. आणि ही नुसती फ्रेम. चाके, ब्रेक, साखळी, हँडल, सीट यांचे पैसे वेगळे मोजायचे. वजन म्हणाल तर दीड किलोच्या आगेमागे. एवढ्याशा धातूला पाच लाख, हे ऐकून आपल्या सभागृहात जी कुजबुज झाली, तशीच ती अमेरिकेतल्या सायकलवाल्यांतही होते. ते लोकही विचारतात, ही किंमत आहे की लूट आहे?

पहिला तर्क असा निघतो की, धातूच दुर्मिळ असणार. तो तर्क खोटा आहे. पृथ्वीच्या कवचात विपुल असलेल्या मूलद्रव्यांची यादी केली तर टायटॅनियमचा क्रमांक नववा लागतो. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी काळी वाळू दिसते. तिच्यात इल्मेनाइट नावाचे खनिज असते, आणि इल्मेनाइट म्हणजे लोखंड व टायटॅनियम यांचा प्राणवायूशी झालेला संयोग. इंग्लंडात कॉर्नवॉल प्रांतातल्या विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याने १७९१ साली अशाच काळ्या वाळूत या मूलद्रव्याचा माग काढला. पुढे १७९५ साली क्लाप्रोट या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला ग्रीक पुराणातल्या टायटन दैत्यांचे नाव दिले. पण शुद्ध धातू हाती यायला १९१० साल उजाडावे लागले. त्या साली अमेरिकेत मॅथ्यू हंटर याने तो तयार केला. सापडल्यापासून हाती येईपर्यंत ११९ वर्षे! धातू पायाखाली पडलेला होता. तो प्राणवायूच्या मिठीतून सुटत नव्हता.

लोखंडाची गोष्ट सोपी आहे. भट्टीत खनिज आणि कोक घातला की कोक प्राणवायू ओढून घेतो आणि खालून लोखंडाचा रस वाहू लागतो. भट्टी रात्रंदिवस चालते. टायटॅनियमला ही रीत चालत नाही, कारण तापल्यावर ते कार्बन, प्राणवायू, नत्रवायू, जे मिळेल ते पोटात घेते आणि ठिसूळ होऊन बसते. लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोल या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात वेगळी वाट काढली, आणि आजही मुख्यतः त्याच वाटेने टायटॅनियम बनते. खनिजावर क्लोरीनचा प्रयोग करून द्रव क्षार करायचा, तो शुद्ध करायचा, बंद भांड्यात आरगॉन वायूच्या आवरणाखाली वितळलेल्या मॅग्नेशियमशी त्याची गाठ घालायची. हे काम काही दिवस चालते. मग भांडे थंड करून आतला छिद्राछिद्रांचा गोळा फोडून काढायचा. त्याला स्पंज म्हणतात. तो निर्वात भट्टीत पुन्हा वितळवायचा, बहुधा एकाहून अधिक वेळा. म्हणजे धार वाहत नाही. घरी पुऱ्या तळाव्यात तसा एकेक घाणा काढावा लागतो. व्यापारी प्रमाणावर हे उत्पादन अमेरिकेत १९४८ साली ड्युपाँ कंपनीने सुरू केले. आपल्या देशात केरळात चवरा येथे असा स्पंजाचा कारखाना २०११ साली उभा राहिला. त्याची वार्षिक क्षमता ५०० टनांची, आणि तोही मुख्यतः अवकाशयानांच्या गरजेसाठी. पोलादाच्या कारखान्याशी ही संख्या ताडून पाहा, म्हणजे हा धातू किती मोजूनमापून निघतो ते ध्यानात येईल.

तथापि, एवढा खटाटोप करूनही स्पंजाचा भाव अलीकडच्या वर्षांत किलोला दहा डॉलरच्या आसपास राहिला आहे. दीड किलोचे पंधरा डॉलर झाले. मग उरलेले हजारो डॉलर कोठे गेले? या प्रश्नापासून माझ्या विषयाला खरी सुरुवात होते.

स्पंजाची नळी व्हावी लागते. फ्रेमला जी मिश्रधातू वापरतात तिच्यात तीन टक्के ॲल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम असते. ही मिश्रधातू सायकलीसाठी जन्माला आलेली नाही. विमानात दाबाखालचे तेल वाहून नेणाऱ्या नळ्यांसाठी ती घडवली गेली. जाड नळी थंड स्थितीतच टप्प्याटप्प्याने बारीक आणि पातळ करीत न्यायची, मध्येच भट्टीत घालून तिचा ताण उतरवायचा, पुन्हा दाबायची. या धातूला उलटून पूर्वस्थितीवर येण्याची सवय आहे, आणि तो हत्याराला चिकटतो. नळी चिरली, ओरखडली, की ती बाद. त्यात पुन्हा गिऱ्हाइकाची पायरी येते. नळ्यांच्या कारखान्याचे मोठे गिऱ्हाईक विमानवाला. सायकलवाला म्हणजे शेवटच्या बाकावरचा. त्यामुळे एका फ्रेमपुरता नळ्यांचा संच कारागिराच्या दारात येईतो त्याची किंमत काही शे डॉलर झालेली असते. पंधरा डॉलरच्या धातूचे हे काही शे डॉलर झाले ते नळी ओढणाऱ्या, भट्टी सांभाळणाऱ्या, तपासणी करणाऱ्या माणसांच्या तासांमुळे आणि त्यांच्या यंत्रांमुळे. आपण कच्चा माल म्हणतो त्याच्या आतसुद्धा मजुरी भरलेली असते, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा अशा नळीने लवकर समजते.

आता कारागिराच्या बाकापाशी येऊ. नळीला नळी भिडते तेथे तिचे तोंड माशाच्या तोंडासारखे गोलाकार कापावे लागते. पोलादी फ्रेमीत बारीकशी फट राहिली तर पितळ वितळवून ब्रेझिंगने ती भरून काढता येते. टायटॅनियमच्या पातळ नळीत फट चालत नाही. दोन तोंडे अशी बसली पाहिजेत की मधून उजेड दिसता कामा नये. त्यासाठी कानस घेऊन घासणे, बसवून पाहणे, पुन्हा घासणे. मग सफाई. बोटाचे तेल लागले तरी सांध्यात दोष शिरतो, म्हणून हातमोजे घालून, द्रावकाने पुसून नळ्या जिगमध्ये बसवायच्या. नंतर टाके मारायचे, आणि त्यानंतर सलग वेल्डिंग.

या वेल्डिंगची गंमत अशी की, ठिणगीपेक्षा वायूला जास्त जपावे लागते. बाहेरून सांध्यावर आरगॉनचा झोत हवा, तसाच नळीच्या आतही आरगॉन भरलेला हवा, कारण आतली हवा तापलेल्या धातूला नासवते. काम संपल्यावर सांधाच साक्ष देतो. तो चांदीसारखा पांढरा चकचकीत असला तर काम उत्तम. पिवळसर झाक आली तर वायू थोडा कमी पडला. निळा पडला तर शंका घ्यावी, आणि भुरकट पांढरी पूड दिसली तर तो सांधा कापून टाकावा. वरून घासून रंग जाईल, पण आतला ठिसूळपणा जात नाही. तो दोन वर्षांनी उतारावर, भरधाव वेगात, स्वाराखाली प्रकट होतो. म्हणून येथे वेल्डरला खोटे बोलून चालत नाही. आणखी असे की, तापलेली नळी निवताना आपल्या बाजूला खेचते. कोणता सांधा आधी, कोणता मागून, अर्धा येथे तर अर्धा पलीकडे, असा क्रम ठेवून तो खेच एकमेकांत जिरवावा लागतो. नाही तर मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेत येत नाही, आणि हा धातू पोलादासारखा सहज वाकवून सरळही होत नाही.

धोकाही सांगितला पाहिजे. आरगॉनला वास नाही. बंद खोलीत तो साठला तर माणसाला कळायच्या आत श्वास कोंडतो. टायटॅनियमचा बारीक कीस पेट घेतो, आणि ती आग पाण्याने विझवू गेल्यास अधिक भडकते. तेव्हा वायुवीजन, कीस उचलण्याची व्यवस्था, वेगळी अग्निशामक साधने, डोळ्यांचे रक्षण, हा सारा खर्च आला. जो कारखानदार हा खर्च करतो त्याची फ्रेम महाग होते. जो करीत नाही त्याची स्वस्त होते, आणि वाचलेले पैसे वेल्डरच्या फुप्फुसातून वसूल झालेले असतात.

ही विद्या एका दिवसात आली नाही. १९७० च्या दशकात इंग्लंडात आणि अमेरिकेत टायटॅनियमच्या फ्रेमा निघाल्या. स्पेनच्या लुइस ओकान्या याने १९७३ ची टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हा काही डोंगरी टप्प्यांवर त्याच्याखाली इंग्लंडातली टायटॅनियमची सायकल होती. पण त्या काळच्या पुष्कळ फ्रेमा लवचिक निघाल्या, काही तडकल्या. टायटॅनियमचा ताठरपणा पोलादाच्या जवळजवळ निम्मा असतो. पोलादाच्याच मापाची नळी वापरली तर फ्रेम डोलू लागते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत टेनेसीच्या लाइटस्पीड आणि मॅसॅच्युसेट्सच्या मर्लिन या कारखान्यांनी मिश्रधातूच्या जाड व्यासाच्या नळ्या वापरून पक्की फ्रेम बाजारात आणली. वेल्डर मंडळींचा हात बसला तो त्या वर्षांत. तडकलेल्या प्रत्येक फ्रेमीने काहीतरी शिकवले, आणि त्या शिकवणीची फी आजच्या किमतीत सामावलेली आहे.

आता हिशेब मांडू. आकडे मी समजुतीसाठी घेतो. कोणा एका कारखान्याचे नव्हेत. समजा, अमेरिकेत एक कारागीर एकटा काम करतो आणि आठवड्याला एक, म्हणजे रजा-आजारपण वजा जाता वर्षाला पन्नास फ्रेमा पुऱ्या करतो. आठवडा संपूर्ण वेल्डिंगचा नसतो. गिऱ्हाइकाची मापे घेणे, नकाशा काढणे, नळ्या मागवणे, घासणे, आटे पाडणे, पॉलिश, बांधणी, पत्रव्यवहार, झाडलोट हे सारे त्यातच. समजा, फ्रेम चार हजार डॉलरला विकली. नळ्या, इतर सुटे भाग, वायू, कानशी-पाती यांना हजार गेले. राहिले तीन हजार. जागेचे भाडे, वीज, यंत्रांच्या कर्जाचे हप्ते, फ्रेम मोडून कोणी जखमी झाल्यास भरपाईचा विमा, आयुष्यभराची हमी दिली असेल तर दुरुस्तीची तरतूद, यांत निम्मे गेले असे धरा. हाती उरले दीड हजार, सात दिवसांचे. त्यातून कर भरायचा, आणि त्या देशात एकट्याने धंदा करणाऱ्याला औषधपाण्याचा विमाही आपल्या खिशातूनच काढावा लागतो. म्हणजे अखेरीस त्याच्या हाती पडते ती चांगल्या वेल्डरची बरी मजुरी. मी जन्मभर मालकांचे ताळेबंद वाचले आहेत. यात मला लूट दिसत नाही. मला एका माणसाचा एक आठवडा दिसतो.

कोणी म्हणेल, हे एकट्याचे झाले; जेथे मालक आहे तेथे मालकाचा नफा असेलच. असतो. म्हणून एक उदाहरण सांगतो. मॅसॅच्युसेट्समध्ये सोमरव्हिल गावात फॅट सिटी नावाचा सायकलींचा कारखाना होता. १९९४ साली तो विकला गेला आणि दुसऱ्या राज्यात हलवला गेला. तेथील काही कामगार गावीच राहिले आणि त्यांनी १९९५ साली इंडिपेंडंट फॅब्रिकेशन नावाची, कामगारांच्याच मालकीची कंपनी उभी केली. ते पोलादाच्या आणि टायटॅनियमच्या फ्रेमा करीत. पुढे काळाच्या ओघात त्या कंपनीची मालकी बदलली, जागाही बदलली. पण आपल्याला हवा तो मुद्दा असा : कामगार मालक असतानाही त्यांच्या फ्रेमा स्वस्त नव्हत्या, महागच होत्या. कामगारांनी आपल्या तासाला पुरा भाव लावला की किंमत कोठे जाऊन टेकते, ते या उदाहरणात दिसते.

मग स्वस्त टायटॅनियम कसे मिळते? कारण मिळते, हे खरे आहे. चीनमध्ये शान्सी प्रांतात बाओजी नावाचे शहर आहे. त्याला तेथील लोक टायटॅनियमचे शहर म्हणतात. तेथून आलेली फ्रेम अमेरिकन फ्रेमीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात पडू शकते. यावर पुष्कळ लोक चटकन म्हणतात की, चिनी कारागिराचा हात कच्चा. मला हे म्हणणे मान्य नाही. तेथील उत्तम वेल्डर कोणाही उत्तम वेल्डरच्या तोडीचा आहे. स्वस्ताईची कारणे वेगळी काढून पाहिली पाहिजेत, आणि माझ्या मते ती तीन आहेत.

पहिले कारण, माल जवळ असणे. जगात सर्वांत जास्त टायटॅनियम स्पंज आज चीनमध्ये निघतो. नळीला समुद्र ओलांडावा लागत नाही. दुसरे कारण, रीत. एकाच मापाच्या फ्रेमा एकदम लावल्या, जिग एकदाच बसवला, एकाने फक्त कापायचे, दुसऱ्याने फक्त जोडायचे, म्हणजे तास खरोखरच कमी लागतात. या दोन्ही स्वस्ताया प्रामाणिक आहेत. त्यांचे कामगार चळवळीने स्वागतच केले पाहिजे, कारण त्यांमुळे चांगली वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्यात येते. तिसरे कारण मात्र असे की, तासच स्वस्त घेतलेला असतो. लांब पाळी, कमी मजुरी, आणि मालकाला जाब विचारील अशी स्वतंत्र संघटना काढण्यास त्या देशात मज्जाव. या तिसऱ्या स्वस्ताईत कोणतीच बचत झालेली नसते. जो खर्च गिऱ्हाइकाने द्यायचा तो वेल्डरच्या घराने दिलेला असतो. अडचण अशी की, दुकानात फ्रेम टांगलेली असते तेव्हा तिच्या चिठ्ठीवर तिन्ही कारणांची मिळून एकच संख्या असते.

महागाईलाही हाच न्याय लावला पाहिजे. महाग म्हणजे हाताला दाम मिळाला, असे समजणे भोळेपणाचे होईल. मोठ्या कंपन्यांच्या कार्बनच्या उंची फ्रेमा पाच-पाच हजार डॉलरला जातात. त्यांपैकी बहुतेक आशियातल्या कारखान्यांत साच्यावर थर मांडून तयार होतात. ते थरही हातानेच मांडतात बरे का! पण त्या हाताला मिळते त्याहून पुष्कळ अधिक जाहिरातीला, शर्यतीतल्या संघांना आणि दुकानदारांच्या साखळीला जाते. टायटॅनियमच्या धंद्यातही नुसत्या नावाचे पैसे घेणारे आहेत. तेव्हा गिऱ्हाइकाने किमतीला भिऊ नये आणि भुलूही नये. विचारावे, यात माल किती, हात किती आणि नाव किती? लहान कारागीर या प्रश्नाचे उत्तर सहसा देतो. मोठी कंपनी देत नाही.

एक आक्षेप उरतो, आणि तो मला जवळचा वाटतो. पाच लाखांची फ्रेम घेणारा माणूस कामगार नसतो. जो वेल्डर ती जोडतो, त्यालाही ती घेताना दहा वेळा विचार करावा लागेल. मग या श्रीमंती वस्तूकडून सामान्यांनी काय शिकायचे? मी म्हणतो, एक गोष्ट शिकायची. जेथे गिऱ्हाईक आणि कारागीर समोरासमोर असतात, गिऱ्हाईक वर्षभर थांबायला तयार असतो आणि कारागिराला नाही म्हणता येते, तेथे हाताच्या तासाला पुरा भाव मिळतो. तो भाव किती असतो, हे मोजायला अशा थोड्याच जागा जगात उरल्या आहेत. त्या मापाने बाकीचे बाजार तपासून पाहता येतात.

आपलाच बाजार तपासून पाहा. घराला जाळी बसवायची असते. लोखंडाचा भाव वजनावर ठरलेला. तेथे आपण घासाघीस करीत नाही. वेल्डिंगच्या काड्यांचा भाव दुकानात छापलेला. तेथेही करीत नाही. विजेचे बिल तर निमूट भरतो. मग वेल्डर आपल्या मजुरीचा आकडा सांगतो, आणि सारी घासाघीस तेथे सुरू होते. "एवढ्याशा कामाला एवढे?" कंपन्यांचे सारे आकडे आपण पक्के धरले आणि माणसाचा तेवढा कच्चा धरला. तोच वेल्डर मग काच नसलेल्या चष्म्याने, उन्हात, पायात चपला घालून काम करतो. कारण बूट, चष्मा आणि सावली यांचे पैसे आपणच कापून घेतलेले असतात. त्याचा मुलगा हे पाहतो आणि ठरवतो की, हा धंदा करायचा नाही. पुढे आपणच तक्रार करतो की, हल्ली चांगले कारागीर मिळत नाहीत.

टायटॅनियमची सायकल आपल्यापैकी फारच थोडे घेतील, आणि न घेतल्याने कोणाचे काही अडणार नाही. पण वेल्डर, सुतार, शिंपी, गवंडी यांच्याशी गाठ प्रत्येकाची पडते. पुढच्या वेळी मजुरीचा आकडा ऐकल्यावर "एवढे का?" असे जरूर विचारा, तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे. मात्र विचारल्यावर उत्तर पुरते ऐकून घ्या, त्यातले तास मोजा, आणि मग काय द्यायचे ते ठरवा.